खोली एक, हिशेब चौघांचा

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी हे गाव २९ ऑगस्ट २०२३ रोजी सुरू झालेल्या मनोज जरांगे पाटील यांच्या उपोषणामुळे महाराष्ट्रभर परिचित झाले. मराठा आरक्षणाच्या त्या मागणीमागे शिक्षण आणि नोकरीचा प्रश्न होता. या परिसरातील तरुणांसाठी शिक्षण आणि नोकरीची वाट बहुधा छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्यातील भाड्याच्या खोलीतून जाते. एकट्याला भाडे परवडत नाही, म्हणून तिघे-चौघे मिळून खोली घेतात. पुण्याच्या पेठांमध्ये तर निव्वळ कॉट भाड्याने मिळते. अशा खोलीत जमले नाही तर मनस्ताप होतोच, शिवाय परीक्षेचे वर्ष आणि बापाने कापूस विकून दिलेले डिपॉझिट, दोन्ही पणाला लागतात.

भांडणाचे खापर सहसा स्वभावावर फोडले जाते. प्रत्यक्षात बहुतेक कुरबुरींचे मूळ न ठरवलेल्या कामांत आणि न लिहिलेल्या पैशांत असते. सिलिंडर संपला तर नवा कोणी आणायचा, खरकटी भांडी कोणाची, रात्री किती वाजता दिवा मालवायचा, हे प्रश्न किरकोळ वाटतात आणि म्हणूनच पहिल्या दिवशी कोणी काढत नाही. घरी आईने उचललेले ताट येथे कोणीच उचलत नाही, हे ध्यानात यायलाही अनेक मुलांना महिना लागतो.

मुंबईच्या गिरणगावाने हा प्रश्न फार पूर्वी सोडवला होता. कोकणातील आणि घाटावरील एकेका गावचे गडी मिळून चाळीत खोली घेत. माणसे अनेक आणि जागा हातभर, त्यामुळे दिवसपाळीचा कामगार गिरणीत गेला की रात्रपाळीचा त्याच्या जागी पाठ टेकत असे. प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी, जेवण खानावळीत, वर्गणी ठरलेली. (या खानावळी चालवणाऱ्या स्त्रियांनाच प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले.) धोबीतलाव परिसरातील गोवेकरांची ‘कूड’ही याच जातकुळीची होती. तेथे गावागावांचे क्लब होते, भिंतीलगत ट्रंका लावलेल्या असत आणि संध्याकाळची प्रार्थना एकत्र होत असे. ही माणसे काही संतप्रवृत्तीची नव्हती. नियम आधी ठरलेले होते आणि ते मोडणाऱ्याची वार्ता गावापर्यंत पोचत होती, म्हणून त्या खोल्या टिकल्या.

आजच्या खोलीला गावाचा तो धाक नाही. तेव्हा वही हवी. महिन्याच्या आरंभी सर्वांनी सारखी वर्गणी काढावी, दूध, गॅस, वीज आणि झाडलोटीचा खर्च त्यातूनच करावा आणि वही दरमहा दुसऱ्याच्या हाती द्यावी. मोबाइलवरून पैसे क्षणात पाठवता येतात हे खरे, पण ते कशाचे होते याचा विसरही तितक्याच लवकर पडतो. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. शेतकऱ्याच्या घरचा पैसा पहिल्या तारखेला येत नाही. तो कापूस विकल्यावर किंवा उसाचे बिल निघाल्यावर येतो. शिष्यवृत्तीचा हप्ताही ठरल्या दिवशी मिळेलच असे नाही. कोणाची वर्गणी किती दिवस थांबेल, हे आधी बोलून ठेवले म्हणजे मागणाऱ्याला संकोच वाटत नाही आणि देणाऱ्याचा अपमान होत नाही.

सर्वांत अवघड प्रकरण पाहुण्यांचे. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीसाठी आलेल्या चुलतभावाला ‘जागा नाही’ म्हणणे आपल्याकडे शक्यच नसते, आणि तसे म्हणूही नये. पण दोन रात्रींचा पाहुणा पंधरा दिवस राहिला, तर त्याच्या पाण्याचा, गॅसचा आणि जागेचा भार इतरांवर पडतो. दोन रात्री पाहुणचार आणि त्यापुढे डब्यासह त्याचा वाटा यजमानाने भरायचा, एवढा करार बहुतेकांना मान्य होण्यासारखा आहे.

गावाकडचा वादही खोलीत येतो. जून २०२४ मध्ये अंतरवाली सराटीजवळच्याच वडीगोद्री येथे लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे यांनी ओबीसी आरक्षणाच्या रक्षणासाठी उपोषण केले. दोन्ही बाजूंच्या घरांतील मुले शहरात एकाच खोलीत असू शकतात. मतभेद लपवण्याचे कारण नाही, पण रात्री दिवा मालवल्यावर, परीक्षेच्या आठवड्यात किंवा चित्रफिती मोठ्या आवाजात लावून तो वाद नको. एकाच्या मताचा राग भांड्यांच्या पाळीवर निघू लागला, की खोली मोडायला वेळ लागत नाही.

कागदाकडे मात्र फार दुर्लक्ष होते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर असते. अनेकदा करार एकाच्या नावे होतो आणि बाकीचे तोंडी राहतात. अशा वेळी डिपॉझिटमध्ये कोणाचे किती, हे निदान वहीत सर्वांच्या सह्यांनिशी असावे.

इतके करूनही जुळले नाही, तर महिनाभर आधी सांगून निघावे. बदली पार्टनर शोधून त्याच्याकडून आपला डिपॉझिटचा वाटा घ्यावा आणि त्याचीही नोंद वहीत करावी. निघण्याच्या दिवशी विजेच्या मीटरचा आकडा टिपून ठेवावा, कारण त्या महिन्याचे बिल नंतर येते.