कमाईचा ताळेबंद (लेखांक ७) : भिवंडीत जास्त कोण कमावतं?

मागच्या दोन लेखांत डॉक्टर, वैमानिक आणि संगणक अभियंत्यांच्या पगाराबद्दल बोललो. तिथे खरी अडचण आत शिरण्याची असते. भिवंडीत आत शिरणं सोपं आहे. हातात पदवी नसली तरी ओळखीचा एक माणूस असला, की दोन दिवसांत काम मिळतं. त्यामुळे ‘कुठल्या कामात पैसा जास्त?’ हा प्रश्न इथे रोज पडतो, नाक्यावर आणि बिशीत, म्हणजे खाणावळीत, जेवताना. उत्तरात लोक महिन्याचा आकडा सांगतात. माझं म्हणणं असं, की तो आकडा आधी तासांनी भागावा आणि साठीनंतर त्यातलं काय हाती उरणार तेही विचारावं. मगच कुठलं काम परवडतं ते कळतं.

सुरुवात यंत्रमागापासून करू. कामतघर, नारपोली, शांतीनगर, पद्मानगर अशा वस्त्यांतल्या शेडमध्ये साध्या धोट्याच्या मागावर काम करणाऱ्या विणकराला महिन्याचा पगार नसतो. त्याला पैसे मीटरवर मिळतात. असा माग मिनिटाला साधारण १२० पिकं मारतो, म्हणजे बाण्याचे १२० धागे घालतो. इंचाला ६० पिकांचं कापड असेल तर मिनिटाला दोन इंच, तासाला जेमतेम तीन मीटर आणि बारा तासांच्या पाळीत ३६ मीटर कापड निघायला हवं. पण माग सलग चालत नाही. ताण्याची तार तुटली की माग थांबवायचा, तुटलेलं टोक शोधायचं, वही-फणीतून ओवायचं आणि गाठ मारायची. धोट्यातली कांडी काही मिनिटांत संपते, ती बदलायची. बीम संपला की नवा चढेपर्यंत तो माग गप्प. हे सगळं एका मागाचं, आणि एका माणसाकडे माग असतात चार, सहा, कधी आठ. एकावर गाठ मारताना पाठीमागे दुसरा थांबला, हे त्याला डोळ्यांच्या आधी कानांनी कळतं. त्या खडखडाटात शेजारच्याशी बोलायचं तर तोंड कानाशी न्यावं लागतं. तरी आपल्या सहा मागांतला कुठला थांबला, हे चांगला विणकर बिनचूक ओळखतो.

थांबण्याचा वेळ वजा जाता मागाला ३० मीटर धरू. सहा माग, १८० मीटर. मजुरीचा दर कापडागणिक बदलतो. हिशेबापुरते मीटरला ३ रुपये धरले तर दिवसाचे ५४० आणि २६ दिवसांचे १४,०४० रुपये. गावाकडे आई-वडिलांना सांगायला आकडा वाईट नाही. आता भागाकार. कायद्यात आठवड्याचे तास ४८ आणि जादा तासांना दुप्पट दर असा नियम आहे. आपला विणकर आठवड्याला ७२ तास उभा असतो. वरचे २४ तास दुप्पट धरले तर त्याला ९६ तासांचे पैसे मिळायला हवेत. त्याच्या हातात आठवड्याला येतात ३,२४०. म्हणजे तासाला पावणेचौतीस रुपये, आणि आठ तासांच्या रोजाला फक्त २७०. बाकीचे २७० दिसतात ते कायद्याने दुप्पट दराच्या असलेल्या तासांतून. वीज गेली, सूत आलं नाही किंवा कापडाला उठाव नाही म्हणून मालकाने माग बंद ठेवले, तर त्या दिवसाचा मीटर शून्य.

पगार कौशल्यावर ठरतो असं आपण मुलांना सांगतो. ते कितपत खरं, हे कळायला भिवंडी आणि मुंबईचं गिरणगाव शेजारी ठेवून पाहावं. मुंबईच्या गिरणीतला विणकरही ताणा-बाण्याचंच काम करायचा. त्याला महागाई भत्ता, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि भरपगारी रजा होती. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गिरण्यांचं पुष्कळसं कापड भिवंडीच्या मागांवर विणलं जाऊ लागलं. काम तेच राहिलं, भत्ता आणि निधी मात्र त्याच्यासोबत आले नाहीत. कारण साधं आहे. ग्रॅच्युइटी आणि कामगार राज्य विम्यासाठी आस्थापनेत किमान दहा कामगार लागतात, भविष्यनिर्वाह निधीसाठी वीस. एका छपराखालचे ४८ माग कागदावर भावाच्या, बायकोच्या, पुतण्याच्या नावाने वाटले, की कुठल्याच नावापुढे दहा माणसं भरत नाहीत. विणकराची कमाई त्याच्या हातांनी ठरायच्या आधी या वाटणीने ठरलेली असते, आणि हे मला फार खटकतं.

शेडमध्ये विणकरापेक्षा जॉबरला जास्त मिळतं. बिघडलेला माग ऐकून, हात लावून तो दुरुस्त करतो, आणि त्याला महिन्याचा पगार असतो. पण साधे माग भंगारात जाऊन रॅपिअर आणि एअरजेट हे नवे माग येत आहेत. नव्या यंत्राचा इलेक्ट्रॉनिक भाग शिकलेला जॉबर टिकेल. पंचविशीतल्या मुलाने हे काम धरायचं तर ते शिकूनच धरावं.

आता शहराबाहेर, काल्हेर, पूर्णा, राहनाळ, दापोडा, माणकोली या गोदामांच्या पट्ट्यात जाऊ. ही गोदामं इथे आली त्याचं एक मोठं कारण जकात. मुंबईच्या हद्दीबाहेर माल उतरवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा. १ जुलै २०१७ला जीएसटी आला, जकात गेली, तरी गोदामं ओस पडली नाहीत. राज्याराज्यात वेगळा साठा ठेवायची गरज कमी झाली आणि महामार्गालगतच्या मोठ्या गोदामांना उलट जोर आला. इथे माल उचलणारा, पॅकिंग करणारा आणि फोर्कलिफ्ट चालवणारा अशी चढती भाजणी आहे. पॅकिंगला बायकाही मोठ्या संख्येने येतात, आणि शेडमधल्या खडखडाटापेक्षा त्यांना ते बरं वाटतं. फोर्कलिफ्टवाल्याचा भाव वर असतो, कारण ते यंत्र शिकावं लागतं आणि शिकलेलं दुसऱ्या गोदामातही चालतं.

मला मात्र यात सगळ्यात मोलाचं काम वाटतं ते नोंदीत माथाडीचं. पाठीवर पोती वाहणारा माणूस कमाईच्या यादीत तळाला असेल असं वाटतं. पण अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून आलेल्या १९६९च्या माथाडी कायद्याने एक व्यवस्था उभी केली. मजुरी माथाडी मंडळाकडे जमा होते, मालकाला मजुरीवर ठरलेली लेव्ही भरावी लागते, आणि त्यातून निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा मिळते. मालक बदलला तरी नोंद मंडळात राहते. ठेकेदाराकडून तेच पोतं उचलणाऱ्या माणसाला रोज कदाचित तेवढाच पडेल, पण गुडघे गेल्यावर त्याच्यासाठी काहीच जमा नसतं. माथाडीच्या नावावर खंडणी उकळणारे लोक आहेत, ही उद्योजकांची तक्रार खरी आहे. अशा खंडणीखोरांचा बंदोबस्त करावा, कायद्याला हात लावू नये.

आणि भिवंडीत सर्वांत जास्त पैसा कुणाकडे? महामार्गाजवळ जमीन असलेल्याकडे. काल-परवापर्यंत जिथे भात व्हायचा तिथे पत्र्याचं गोदाम उभं आहे, आणि दर महिन्याला चौरस फुटावर भाडं येतं. पुष्कळ आगरी कुटुंबांचं घर त्यावर उभं राहिलं. ज्यांनी जमीन विकून टाकली त्यांचा पैसा लग्न, गाडी आणि बंगल्यात गेला. त्यांचीच मुलं आज गोदामाच्या गेटवर सुरक्षारक्षक म्हणून उभी असलेली सापडतात. या गोदामांतली बरीच विनापरवाना आहेत आणि तो वाद उच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे, तेव्हा हे भाडंही वाटतं तितकं निर्धोक नाही. शिवाय ही कमाई वारशाने येते. बारावीनंतर कुणी ती निवडू शकत नाही.

निवडता येतं ते वर सांगितलेलं काम. तुमच्या घरातलं कुणी या महिन्यात गोदामात लागणार असेल तर पगार विचारायच्या आधी दोन गोष्टी विचारा : नेमणूक कंपनीची की ठेकेदाराची, आणि भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन, म्हणजे खाते क्रमांक, कधी मिळणार. पगार २१,००० रुपयांच्या आत असेल तर राज्य विम्याचा क्रमांकही मागा, त्यावर घरच्यांचाही उपचार होतो. पहिल्या पगारातून निधी कापला गेला, की यूएएनचं पासबुक मोबाईलवर उघडून पाहा. पगाराच्या चिठ्ठीत कपात आहे आणि पासबुकात जमा नाही, असं दोन महिने दिसलं तर दोन्ही कागद घेऊन भविष्यनिर्वाह निधीच्या ठाण्यातल्या कार्यालयात तक्रार द्या.