पुन्हा या दारात येऊ नये म्हणून

१९८९ साली अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरातल्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. हिंसेत जखमी होऊन दाखल झालेल्या रुग्णांचं पाच वर्षांत पुढे काय झालं, याचा त्यांनी माग काढला होता. ४४ टक्के रुग्ण पुन्हा जखमी झाले होते आणि २० टक्के तर जगातूनच गेले होते. शहरातली मारहाण, सुरे आणि गोळ्या यांना अपघाताच्या खात्यात न टाकता जुनाट, उलटणारा आजार मानावं, असं निबंधाचं शीर्षकच सांगत होतं. दम्याचा रुग्ण वरचेवर येऊ लागला, तर डॉक्टर त्याच्या घरची ओल आणि धूर यांची चौकशी करतात. गोळी लागून आलेल्या मुलाच्या बाबतीत मात्र टाके घालायचे, कागद हातात द्यायचा आणि त्याच गल्लीत परत पाठवायचं, मग ये रे माझ्या मागल्या.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये शर्मन स्पिअर्स या तरुणाला गोळी लागली. तो वाचला, पण चाकाच्या खुर्चीला कायमचा खिळला. पुढे तो ‘यूथ अलाइव्ह’ या डीअन कॅलहून यांच्या संस्थेत आला आणि १९९४ मध्ये त्याच्या कल्पनेतून ‘कॉट इन द क्रॉसफायर’ हा उपक्रम शहरातल्या हायलँड हॉस्पिटलमध्ये सुरू झाला. जखमी पोराच्या खाटेशी पहिल्या काही तासांत असा माणूस जाऊन बसायचा, जो त्याच वस्तीत वाढलाय, ज्याने स्वतः गोळी खाल्लीय किंवा तुरुंग पाहिलाय. आज अमेरिकेत असे अनेक उपक्रम आहेत. २००९ मध्ये त्यांचं एक देशव्यापी जाळंही उभं राहिलं.

या माणसाचं काम जवळून पाहिलं तर त्यात नाट्य फारसं दिसत नाही. पोराचे कपडे डॉक्टरांनी कात्रीने कापलेले असतात आणि पोलीस ते पुरावा म्हणून घेऊन गेलेले असतात, म्हणून आधी अंगावर घालायला काहीतरी आणायचं. बाहेरच्या पॅसेजमध्ये मित्रांची टोळकी जमलेली असते, ‘कुणी केलं, आज रात्रीच बघून घेऊ’ या तयारीत. त्यांना शांत करायचं. मग सुरू होतं कागदी काम: हरवलेलं ओळखपत्र, बसचा पास, शाळेतलं नाव, कोर्टाची तारीख, दुसऱ्या वस्तीत खोली. गुन्ह्याच्या बळींना सरकारी भरपाई मिळते, पण पोलिसांना सहकार्य केल्याची अट अनेक राज्यांत असते. जो मुलगा नाव सांगायला घाबरतो, त्याचा अर्ज तिथेच अडतो. हे सगळं सहा महिने, कधी वर्षभर चालतं.

हे ऐकून कुणालाही वाटेल की याचा फायदा होणारच. संशोधकांना मात्र ‘वाटेल’ या शब्दावर थांबता येत नाही.

पहिला ठोस दावा ओकलंडमधूनच आला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत उपक्रमातल्या मुलांना पुढच्या सहा महिन्यांत अटक होण्याची शक्यता बाकीच्यांपेक्षा ७० टक्क्यांनी कमी आढळली. पण तुलनेतली दुसरी मुलं जुन्या नोंदींतून घेतली होती. कुणाला मदत द्यायची आणि कुणाला नाही हे आधी चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. खाटेशी आलेल्या अनोळखी माणसाला ‘बस’ म्हणणारा मुलगा आणि तोंड भिंतीकडे फिरवणारा मुलगा हे मुळातच वेगळे असू शकतात. मग फरक उपक्रमाने पडला की स्वभावाने, हे कसं सांगणार?

ही शंका फेडायला बाल्टिमोर पुढे आलं. मेरीलँड विद्यापीठाचं शॉक ट्रॉमा सेंटर ट्रॉमाच्या जगात मानाचं ठिकाण आहे. ‘गोल्डन अवर’, म्हणजे जखमेनंतरचा पहिला मोलाचा तास, ही कल्पना रूढ करणारे आर. ॲडम्स काउली इथलेच. तिथले सर्जन कार्नेल कूपर यांनी १९९८ मध्ये हिंसाप्रतिबंधाचा उपक्रम सुरू केला आणि रुग्णांना चिठ्ठीपद्धतीने दोन गटांत वाटलं. उपक्रमाच्या गटात ५६, दुसऱ्यात ४४, एकूण १००. २००६ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. पुन्हा जखमी होऊन दाखल होणाऱ्यांचं प्रमाण उपक्रमातल्या गटात ५ टक्के, दुसऱ्या गटात ३६ टक्के. निबंधाच्या शीर्षकातच लेखकांनी निर्वाळा देऊन टाकला होता, की हे उपक्रम उपयोगी पडतात. तेव्हापासून अनुदानाच्या अर्जांत, नगरपरिषदांच्या ठरावांत, भाषणांत हीच जोडी फिरते आहे: पाच आणि छत्तीस.

टक्क्यांची माणसं केली की चित्र थोडं बदलतं. एका गटात तिघे परत आले, दुसऱ्यात सोळा. फरक खरा आहे, मोठाही आहे. पण हे शंभर जण साधे जखमी नव्हते. आधीही हिंसेत जखमी होऊन आलेले आणि पॅरोल किंवा प्रोबेशनवर असलेले रुग्णच निवडले होते. शिवाय उपक्रम चालवणारे आणि त्याचा हिशेब मांडणारे एकाच इमारतीतले. यात लबाडी कुठेही नाही, पण पंधरा वर्षांच्या मुलाला शाळेबाहेर सुरा लागला तर त्याच्यासाठी हाच आकडा कसा लावायचा, याचं उत्तर यात मिळत नाही.

शिकागोचा अनुभव जास्त बोलका आहे, आणि म्हणूनच कदाचित भाषणांत कमी येतो. तिथे १० ते २४ वयाच्या १८८ मुलांना दोन गटांत वाटण्यात आलं. त्याचा निकालही २००६ मध्येच आला. मुलांना विचारलं तेव्हा मदत मिळालेल्या गटाने पुन्हा जखमी झाल्याचं लक्षणीय कमी सांगितलं. राज्याच्या दप्तरी नोंदी तपासल्या तेव्हा मात्र दोन्ही गटांत फरक दिसला नाही. मग कोण खरं? मदत करणाऱ्या माणसाला वाईट बातमी सांगायला मुलं कचरली असतील. उलट, किरकोळ जखमा दप्तरापर्यंत पोहोचल्याच नसतील आणि मुलांचीच आठवण खरी असेल. दोन्ही शक्य आहे.

इथे या संशोधनाची खरी मेख हाती लागते. कोणत्या दारात उभं राहून आणि कुणाला मोजायचं, यावर सगळं अवलंबून आहे. डेट्रॉइटमध्ये पुन्हा जखमी होण्याचं प्रमाण ४४ टक्के, बाल्टिमोरच्या मदत न मिळालेल्या गटात ३६. मिशिगनमधल्या फ्लिंट शहरात १४ ते २४ वयाच्या, अमली पदार्थ घेणाऱ्या तरुणांचा दोन वर्षं पाठपुरावा झाला. मारहाणीत जखमी होऊन आलेल्यांपैकी ३६.७ टक्के त्या काळात पुन्हा तशाच जखमांसह आले. पण दुसऱ्याच कारणासाठी इमर्जन्सीत आलेल्या, अमली पदार्थ घेणाऱ्याच तरुणांतही हे प्रमाण २२.४ टक्के होतं. आणि सॅन फ्रान्सिस्कोत उपक्रम सुरू होण्यापूर्वीचं प्रमाण होतं फक्त ८.४ टक्के. शहरं बदलली, रुग्ण बदलले, मोजण्याची मुदत बदलली. शिवाय जखमी मुलगा दुसऱ्या वेळी ॲम्ब्युलन्स नेईल त्या हॉस्पिटलात जातो. पहिल्या हॉस्पिटलच्या दप्तरात तो ‘परत आला नाही’ असाच राहतो, म्हणजे यशस्वी ठरतो. जो मेला आणि थेट शवागारात गेला, तोही कधी कधी असाच निसटतो.

सॅन फ्रान्सिस्कोचं उदाहरण इथे थोडं थांबून बघण्यासारखं आहे. सर्जन रोशेल डिकर यांनी तिथल्या सार्वजनिक रुग्णालयात २००५ मध्ये ‘रॅपअराउंड’ उपक्रम सुरू केला. दहा वर्षांच्या हिशेबात पुन्हा जखमी होण्याचं प्रमाण ८.४ वरून ४.९ टक्क्यांवर आलं. तुलना मात्र हॉस्पिटलच्याच जुन्या काळाशी होती आणि दहा वर्षांत शहराचं बरंच काही बदलतं. ही घट निव्वळ उपक्रमाची आहे हे पक्कं करायचं तर किती रुग्ण लागतील? संख्याशास्त्राच्या नेहमीच्या सूत्राने ८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलेली घट खात्रीने पकडायला प्रत्येक गटात हजाराच्या वर, म्हणजे एकूण २,१०० च्या आसपास माणसं हवीत. बाल्टिमोरच्या चाचणीत १०० होती, शिकागोत १८८. या आकाराच्या चाचणीत फरक दिसला नाही, याचा अर्थ फरक नाही असा होत नाही, आणि प्रचंड फरक दिसला तर नशिबाचा वाटा किती हेही विचारावं लागतं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ट्रॉमा सर्जनांच्या एका मान्यवर संघटनेने सगळा पुरावा चाळून या उपक्रमांची शिफारस केली, पण हात राखून, सशर्त.

मोठ्या चाचण्या का झाल्या नाहीत, याचं एक उत्तर वॉशिंग्टनमध्ये आहे. १९९६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने साथरोग नियंत्रण केंद्राच्या निधीवर अट घातली, की त्यातून बंदूक नियंत्रणाचा पुरस्कार होता कामा नये. बंदुकीच्या जखमांवरच्या संशोधनाला जेवढा पैसा मिळत होता, नेमकी तेवढीच २६ लाख डॉलरची रक्कम त्या केंद्राच्या अंदाजपत्रकात दुसरीकडे वळवण्यात आली. इशारा सगळ्यांना कळला. थेट बंदी नसूनही जवळपास दोन दशकं या विषयाला कुणी हात लावेना. डिसेंबर २०१९ मध्ये पुन्हा २.५ कोटी डॉलर मंजूर झाले. २०२० मध्ये अमेरिकेतल्या १ ते १९ वयोगटात मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण बंदूक होतं. त्या तुलनेत ही रक्कम पाहिली की हसावं की रडावं कळत नाही.

दुसरी अडचण मनाला टोचणारी आहे. रक्ताळलेल्या पोराला चिठ्ठी काढून ‘तुला मदत नाही’ कसं सांगायचं? खाटेशी बसणाऱ्या कार्यकर्त्यांना हे मुळीच पटत नाही. त्यांचं बरोबर आहे, पण अर्धंच. बहुतेक ठिकाणी दोनतीन केस मॅनेजर आणि शेकडो जखमी असं गणित असतं. रात्री दोनला आलेल्याला कुणी भेटत नाही, सकाळी अकराला आलेल्याला भेटतं. म्हणजे वाटप आधीच नशिबावर चालू आहे, फक्त त्याची नोंद कुणी ठेवत नाही. अशा ठिकाणी उघड चिठ्ठी टाकणं जास्त प्रामाणिक ठरेल.

तोवर जे छोटे धागे हाती लागतात, ते जास्त उपयोगाचे वाटतात. सॅन फ्रान्सिस्कोच्याच २०१३ च्या अभ्यासात तीन गोष्टी यशाशी जोडलेल्या दिसल्या: मानसिक आरोग्याची मदत, नोकरी आणि पहिल्या तीन महिन्यांतला घट्ट संपर्क. नोकरी धरू शकणारा मुलगा आधीपासूनच सावरलेला असेल, हा आक्षेप इथेही आहेच. तरी बॉस्टनमध्ये जखमी कृष्णवर्णीय तरुणांशी वर्षानुवर्षं बोललेले डॉक्टर जॉन रिच मनावरच्या आघाताची हीच लक्षणं सांगत आले: झोप उडणं, दचकणं, सतत पाठीमागे बघणं, आणि भीती घालवायला खिशात शस्त्र बाळगणं. हा आघात पोलिसांच्या नोंदीत ‘गुंड’ म्हणून उतरतो आणि डॉक्टरांच्या नोंदीत बहुधा उतरतच नाही.

हॉस्पिटलच्या दारात हिंसा ओळखायची ही कल्पना मुंबईला परकी नाही. वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमध्ये ‘सेहत’ संस्था आणि महापालिकेने २००० साली ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं, घरात मार खाणाऱ्या स्त्रियांसाठी. पडून लागलं असं सांगणाऱ्या बाईला कॅज्युअल्टीतून तिथे पाठवायला परिचारिका शिकल्या. सुरामारीत जखमी झालेल्या तरुणाच्या वाट्याला मात्र आपल्याकडे एमएलसीचा, म्हणजे पोलिसी प्रकरणाच्या वैद्यकीय नोंदीचा, कागद आणि हवालदाराचा जबाब एवढंच येतं. ब्रिटनमध्ये सुऱ्याच्या जखमा जास्त. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये २००६ पासून ‘रेडथ्रेड’ या संस्थेचे युवा कार्यकर्ते बसू लागले, आणि ग्लासगोत २०१५ मध्ये अशाच कामासाठी ‘नॅव्हिगेटर’ आले.

अमेरिकेत सध्याचा कळीचा प्रश्न पगाराचा आहे. खाटेशी बसणारी माणसं दोनतीन वर्षांच्या अनुदानावर जगतात. अनुदान संपलं की जमलेला विश्वासही त्यांच्याबरोबर जातो आणि चालू पाठपुरावाही अर्धवट तुटतो. २०२२ च्या कायद्याने वस्तीपातळीवरच्या हिंसाप्रतिबंधासाठी पाच वर्षांत २५ कोटी डॉलर ठेवले. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकी न्याय खात्याने शेकडो अनुदानं मध्येच रद्द केली, त्यांत अशा कामांचीही होती. कनेक्टिकट आणि इलिनॉय या राज्यांनी मात्र २०२१ मध्येच वेगळी वाट धरली होती: गरिबांच्या मेडिकेड विम्यातून या कामाचे पैसे देण्याचा कायदा. त्यामुळे खाटेशी घालवलेला तास इंजेक्शनासारखाच बिलावर चढू शकतो. आणि बिल निघालं की कुणाला, कधी, किती वेळ मदत मिळाली याची नोंद राज्याच्या दप्तरात होते. मग तो मुलगा पुढे राज्यातल्या कोणत्याही हॉस्पिटलात गेला, तरी त्याच विम्याच्या खात्यात त्याचा माग लागू शकतो. ते २,१०० रुग्ण कदाचित अशाच एखाद्या हिशेबाच्या वहीतून सापडतील.