अंधारात दडलेली निळी कमान

ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या निरभ्र रात्री दिव्यांच्या झगमगाटापासून दूर, एखाद्या खेड्यात गेलात, तर देवयानी तारकासमूहात एक धुरकट ठिपका नुसत्या डोळ्यांनी दिसतो. ही देवयानी दीर्घिका. आपल्यापासून सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं दूर! आयझॅक रॉबर्ट्स यांनी १८८८ साली इंग्लंडमधून तिचा फोटो काढला. तेव्हापासून लहानमोठ्या किती दुर्बिणी तिच्याकडे वळल्या असतील, मोजदाद नाही. इतक्या पाहिलेल्या जागी नवं काय सापडणार?

पण सापडलं! आणि तेही हौशी मंडळींना. फ्रान्सचे यान सँती यांनी २०२२ साली जेमतेम साडेदहा सेंटिमीटर भिंगाच्या दुर्बिणीतून या भागाचे फोटो काढले. झेव्हिए स्ट्रॉटनर आणि जर्मनीचे मार्सेल ड्रेक्सलर यांच्या साथीनं त्यांवर काम झालं, आणि दीर्घिकेच्या शेजारी वायूची एक भलीमोठी कमान उमटली. आकाशात तिची लांबी सुमारे दीड अंश, म्हणजे तीन पूर्णचंद्र ओळीनं ठेवावेत एवढी!

एवढी मोठी वस्तू शंभर-सव्वाशे वर्षं दिसली कशी नाही? कारण ती अतिशय फिकी आहे. एकेकटा फोटो बघाल तर तिथे काळ्या आकाशाशिवाय काही दिसणार नाही. तिथे असते ती खरखर. रेडिओवर स्टेशन नीट लागलं नाही की कशी खरखर येते, तशीच कॅमेऱ्यातही असते. प्रत्येक बिंदू उगाचच थोडा उजळ, थोडा काळा होतो.

ही खरखर घालवायची युक्ती मोठी मजेदार आहे. समजा, मधल्या सुट्टीत तुमचा मित्र दूरवरून रोज ठरलेल्या क्षणी शिट्टी वाजवतो. मैदानावरच्या आरडाओरड्यात ती ऐकू येत नाही. तुम्ही शंभर दिवस तो आवाज टेप केलात आणि सगळ्या टेप एकावर एक चढवल्यात, तर? शिट्टी दर वेळी त्याच क्षणी येते, म्हणून ती शंभर पट होते. ओरडणं मात्र रोज वेगळं, ते आपसात बरंचसं खोडलं जातं आणि दहा पटच वाढतं. म्हणजे शिट्टी दहा पट स्पष्ट झाली! फोटोंचंही अगदी असंच. चार फोटो एकत्र केले तर चित्र दुप्पट स्वच्छ, शंभर केले तर दहा पट. म्हणून तर या कमानीसाठी एकूण शंभराहून अधिक तास प्रकाश गोळा करावा लागला. चिकाटीचं काम आहे, बरं का!

एवढं करूनही ती पडद्यावर लगेच दिसत नाही. खगोलशास्त्राचा कॅमेरा प्रत्येक बिंदूला शून्य ते ६५,५३५ मधला एक आकडा देतो. समजा, रिकाम्या आकाशाचा आकडा १,००० आणि तेजोमेघाचा १,०२०. पण साध्या पडद्यावर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत छटा फक्त २५६. दोन्ही आकड्यांना २५६ ने भागून बघा. दोन्हीकडे ३ च येतात! म्हणजे तेजोमेघ फोटोत आहे, पण दिसत नाही. आता फक्त ९५० ते १,१०० एवढाच भाग पडद्यावर ताणून बसवा. आकाश ८५ व्या छटेवर येतं आणि तेजोमेघ ११९ व्या. लगेच वेगळा दिसतो! मात्र तेजस्वी तारे सगळे पांढरेफटक होतात, म्हणून फिकट भाग जास्त आणि उजळ भाग कमी ताणतात.

तुम्ही म्हणाल, मग तो निळा रंग? तो खोटा ना? पूर्ण खोटा नाही. ही कमान ऑक्सिजन वायूच्या प्रकाशात चमकते. तो प्रकाश ५००.७ नॅनोमीटर तरंगलांबीचा, निळसर हिरवा. तेवढाच आत सोडणारा फिल्टर लावून हे फोटो घेतले. कुठल्या वायूला कुठला रंग द्यायचा, हे मात्र फोटो करणारा ठरवतो.

इथे एक धोकाही आहे. फार ताणलं की खरखरीतूनही आकृत्या दिसू लागतात, भिंतीवरच्या ओल्या डागात चेहरा दिसतो ना, तशा. भिंगातलं परावर्तनही फसवू शकतं. आणि हल्ली काही प्रोग्रॅम तर नसलेले बारकावे स्वतःच रंगवून टाकतात! म्हणूनच या तिघांनी घाई केली नाही. दुसऱ्या दुर्बिणींतून घेतलेल्या फोटोंतही कमान तिथेच दिसली, तेव्हा कुठे २०२३ च्या जानेवारीत शोध जाहीर झाला. ती देवयानीजवळ नसून आपल्याच आकाशगंगेत, पुष्कळ अलीकडे असावी, असं नंतरच्या अभ्यासातून पुढे आलं आहे.

तुम्हालाही हे थोडं करून बघता येईल. जानेवारीत संध्याकाळनंतर मृग नक्षत्र छान वर येतं. त्याच्या तीन ताऱ्यांच्या पट्ट्याखाली एक तेजोमेघ आहे. घरचा कॅमेरा किंवा मोबाइल स्टँडवर घट्ट बसवा आणि पाच-पाच सेकंदांचे तीस फोटो काढा. मग भिंग झाकून तेवढ्याच वेळेचे दहा काळे फोटो घ्या. ते कॅमेऱ्याचे स्वतःचे डाग वजा करायला लागतात. ‘डीप स्काय स्टॅकर’ किंवा ‘सिरिल’ हे प्रोग्रॅम फुकट मिळतात. पृथ्वी फिरल्यामुळे सरकलेले तारे ते जुळवून घेतात. आई-बाबांना मदतीला घ्या, आणि एकटा फोटो व तिसांचा मिळून झालेला फोटो शेजारी शेजारी ठेवून बघा.