उन्हाळ्यातली उमेदवारी

मे महिन्यात हिंगणघाटचे स्टेशन भरलेले असते. कोणी लग्नाला निघालेले असते, कोणी कामाच्या शोधात. या गर्दीत अलीकडे क्वचित एखादा मुलगा किंवा मुलगी अशीही असते, की जिला पुण्याला किंवा मुंबईला दोन महिने राहून आकाशाचा वा हवेचा अभ्यास करायचा असतो. अजून पदवी पदरात पडलेली नाही, कॉलेजला सुट्टी आहे, आणि एखाद्या संशोधनसंस्थेने तिला उन्हाळ्यापुरते बोलावले आहे. या व्यवस्थेला हल्ली सगळे 'इंटर्नशिप' म्हणतात. आम्ही गिरणीतून आलेली माणसे. आम्हाला आमचा जुना शब्द पुरतो, तो म्हणजे उमेदवारी.

साच्यावर नवा पोऱ्या आला की पहिले काही दिवस तो जुन्या कामगाराच्या बाजूला नुसता उभा राही. तुटलेली तार बोटांच्या कोणत्या चिमटीने जोडायची, हे पुस्तकात लिहिलेले नसते. संशोधनाचेही तसेच आहे. कॉलेजच्या पुस्तकातल्या प्रत्येक गणिताचे उत्तर मागच्या पानावर छापलेले असते. प्रयोगशाळेत ज्या प्रश्नाला हात घालायचा, त्याचे उत्तर मार्गदर्शकालाही ठाऊक नसते. नोंदींत भोके असतात, उपकरण मध्येच बंद पडलेले असते. तेव्हा काय करायचे, हे जाणत्याच्या शेजारी बसूनच कळते.

हे शास्त्र आपल्यापासून फार लांबचे आहे, असे कोणी समजू नये. सूतखात्यात भिंतीवर पाऱ्याच्या दोन नळ्या शेजारीशेजारी टांगलेल्या असत. एका नळीच्या टोकाला ओले फडके गुंडाळलेले असे. फडक्यातले पाणी वाफ होऊन उडताना उष्णता घेऊन जाते, म्हणून ओली नळी कोरडीपेक्षा कमी तापमान दाखवते. हवा जितकी कोरडी, तितके हे अंतर मोठे. आमच्याकडे मेमध्ये बाहेर कोरडी नळी ४५ अंश दाखवीत असताना ओली २४ च्या आसपास असू शकते. खात्यात मात्र तार तुटू नये म्हणून हवेत मुद्दाम ओल सोडत. धाग्याला ओल मानवते. माणसाला मात्र तीच जड जाते, कारण घाम उडाला नाही तर अंग निवत नाही. ओली नळी ३५ अंशांवर गेली आणि तिथेच राहिली, तर धडधाकट माणूस सावलीत बसूनही फार तास तग धरू शकत नाही, असे शास्त्रज्ञ मानत आले आहेत. हवामानखात्याचे तापमान पांढऱ्या जाळीदार पेटीत, जमिनीपासून चार फुटांवर मोजतात. जिनिंगच्या पत्र्याखाली ते किती असते? हा प्रश्न घेऊन पदवीच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी दोन महिने खुशाल घालवू शकेल, आणि कामाच्या तासांच्या वाटाघाटीत त्याची वही आम्हाला दहा भाषणांपेक्षा उपयोगी पडेल.

विजेचेही असेच. पुण्याच्या पाषाण भागात १९६२ साली स्थापन झालेली भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्था आहे. वीज चमकली की तिच्यातून रेडिओलहरी निघतात. त्या लहरी निरनिराळ्या गावी बसवलेल्या यंत्रांकडे किंचित मागेपुढे पोचतात. त्या फरकावरून वीज कुठे पडली याचे गणित मांडता येते. या संस्थेची 'दामिनी' नावाची मोबाइलवरची सूचना अशाच यंत्रांच्या जाळ्यावर उभी आहे. पेरणीच्या दिवसांत झाडाखाली आसरा घेणाऱ्या मजुरणीपर्यंत ती सूचना वेळेवर पोचते की नाही, हा पुढचा प्रश्न. तोही आम्ही शास्त्राचाच मानतो.

आकाशाकडे वळले तर खुद्द पुण्यात दोन मोठी ठिकाणे आहेत. एक १९८८ साली स्थापन झालेली आयुका, जिचे पहिले संचालक जयंत नारळीकर होते. दुसरे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे रेडिओ खगोलभौतिकी केंद्र. जुन्नर तालुक्यात खोडदला गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली प्रचंड दुर्बीण या केंद्राची. तिला प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत, आणि त्यांचा पृष्ठभाग भरीव पत्र्याचा नसून ताणलेल्या तारेच्या जाळीचा आहे, म्हणून वजन कमी आणि खर्चही कमी. या संस्था सुट्टीत विद्यार्थ्यांना घेतात.

नवीन पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचा इतिहास तर कामगारांनी मुद्दाम वाचावा. तिचे मूळ मुंबईच्या १८२६ सालच्या कुलाबा वेधशाळेत आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने चुंबकाच्या सुया बिघडणार, म्हणून चुंबकीय वेध १९०४ पासून अलिबागला सुरू करून पुढे कायमचे तिकडेच नेले. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरच्या उद्रेकाने पृथ्वीचे चुंबकत्व हादरले, तेव्हा कुलाब्याला माणसे डोळ्यांनी सुई वाचून आकडे लिहीत होती. त्या नोंदींवरून त्या वादळाचा जोर किती होता याचा हिशेब मांडणारा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. आकडे लिहिणारा तो वेधक पगारी नोकर होता. त्याची पाळी संपली, पण वही कामाला आली.

आता मुद्द्याचे. या जागा बुद्धीवर मिळतात असे सांगतात, आणि बव्हंशी ते खरेही आहे. पण बुद्धीच्या आधी दोन चाळण्या लागतात. पहिली पैशाची. बंगळूर, दिल्ली आणि प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमींची संयुक्त उन्हाळी शिष्यवृत्ती दोन महिन्यांची असते. तीत विद्यावेतन आणि रेल्वेभाडे मिळते. इतर कित्येक ठिकाणी मात्र काहीच मिळत नाही, राहण्याखाण्याचे ज्याचे त्याने पाहायचे. सुखवस्तू घरातल्या मुलाला ही सुट्टी आहे. बदली कामगाराच्या मुलीला ती कमाईचा हंगाम आहे. दोन महिन्यांची मजुरी सोडून वर पुण्याच्या खोलीचे भाडे भरायचे, हे तिच्या बापाला कसे परवडावे? उमेदवारांच्या १९६१ च्या कायद्याने कारखान्यातल्या उमेदवाराला किमान विद्यावेतनाचा हक्क दिला. लोखंड कापणाऱ्या पोराला जे लागू, ते आकडे तपासणाऱ्या पोरीला का नसावे? फुकट राबवून घेतलेल्या हातांना 'अनुभव मिळतो' ही सबब आम्ही गिरणीच्या दारात पुष्कळ ऐकली आहे.

दुसरी चाळणी बातमीची. उन्हाळ्याचे अर्ज उन्हाळ्यात करून चालत नाही. अकादमींचे अर्ज दिवाळीच्या सुमारास जातात, पुष्कळ संस्थांचे होळीच्या आत. शिवाय प्राध्यापकाचे शिफारसपत्र लागते, आणि ज्या वर्गात शंभरावर मुले बसतात तिथे प्राध्यापकाला मुलाचे नाव ठाऊक असेलच असे नाही. मे महिन्यात आमच्याकडे विचारायला येणाऱ्या मुलाला आम्हाला 'पुढल्या वर्षी ये' एवढेच सांगता येते, आणि पुढल्या वर्षी बहुधा तो कुठेतरी हजेरीवर लागलेला असतो.

म्हणून संघटनेच्या कचेरीत फंडाच्या आणि ग्रॅच्युइटीच्या अर्जांशेजारी आम्ही एक वही ठेवली आहे. तिच्यात संस्थेचे नाव, अर्जाची शेवटची तारीख, विद्यावेतन आहे की नाही आणि राहण्याची सोय, एवढे चार रकाने मराठीत लिहिलेले असतात. दसऱ्यानंतर ती नव्याने भरतो. कचेरी संध्याकाळी सहा ते नऊ उघडी असते. वही पाहायला सभासदत्वाची पावती लागत नाही.