आंतरदेशीय दत्तकविधान : कायदेशीर प्रक्रिया आणि बालकाचे हित

प्रस्तावना :
भारतीय समाजात दत्तकाची परंपरा प्राचीन आहे. तथापि पूर्वीच्या दत्तकविधानात वंश, वारसा आणि पिंडदान यांना प्राधान्य होते. बालकाच्या हिताचा विचार दुय्यम होता. आधुनिक कायद्याने हा क्रम उलटविला आहे. मूल एका देशातून दुसऱ्या देशात जाते तेव्हा त्याची भाषा, नाव आणि नागरिकत्व एकाच वेळी बदलते. म्हणून अशा दत्तकाची प्रक्रिया समजून घेणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात भारतातील बालक परदेशस्थ कुटुंबात दत्तक जाण्याच्या प्रक्रियेचा प्रामुख्याने विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
परदेशी कुटुंबांना मुले देण्याच्या व्यवहारातील गैरप्रकारांविषयी अॅड. लक्ष्मीकांत पांडे यांनी १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने त्यालाच याचिका मानले. ६ फेब्रुवारी १९८४ च्या निकालात न्या. पी. एन. भगवती यांनी सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्या काळी परदेशी दांपत्याला १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली केवळ पालक म्हणून नेमले जाई. प्रत्यक्ष दत्तक त्यांच्या देशात, दोन वर्षांच्या आत व्हावे, अशी अपेक्षा होती.

या व्यवस्थेत एक गंभीर उणीव होती. परदेशातील औपचारिकता अपुरी राहिल्यास मूल ना धड दत्तक, ना धड नागरिक अशा स्थितीत राही. दत्तक पूर्ण झाले तरी नागरिकत्वाचा प्रश्न आपोआप सुटत नसे. अमेरिकेने २००० मध्ये कायदा करून पात्र दत्तक मुलांना आपोआप नागरिकत्व दिले. परंतु २७ फेब्रुवारी २००१ रोजी ज्यांची अठरा वर्षे पूर्ण झाली होती, ते त्यातून वगळले गेले. एखादा कागद राहून गेल्याची किंमत अशी मुलालाच मोजावी लागते.

१९९० मध्ये 'कारा' ही केंद्रीय यंत्रणा स्थापन झाली. २९ मे १९९३ च्या हेग करारास भारताने २००३ मध्ये मान्यता दिली. आज बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ आणि दत्तक विनियम, २०२२ यांनुसार प्रक्रिया चालते.

प्रक्रियेचे टप्पे :
१) बालक मुक्त घोषित होणे : अनाथ, परित्यक्त किंवा स्वेच्छेने सुपूर्द केलेल्या बालकाला बालकल्याण समिती चौकशीअंती दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त घोषित करते. मूल सुपूर्द करणाऱ्या आईवडिलांना फेरविचारासाठी दोन महिन्यांचा अवधी मिळतो. हा टप्पा संपूर्ण प्रक्रियेचा पाया होय. येथेच संमती सदोष असेल, तर पुढील सर्व आदेश नैतिकदृष्ट्या पोकळ ठरतात.

२) देशांतर्गत प्राधान्य : कलम ५९ नुसार साठ दिवसांत भारतीय किंवा अनिवासी भारतीय पालक न मिळाल्यासच बालक आंतरदेशीय दत्तकास उपलब्ध होते. दिव्यांग बालके, भावंडे आणि पाच वर्षांवरील मुले यांना अशा दत्तकात अग्रक्रम देता येतो.

३) अर्ज व गृह-अध्ययन : परदेशस्थ कुटुंबाने आपल्या निवासाच्या देशातील अधिकृत संस्थेकडे किंवा केंद्रीय प्राधिकरणाकडे अर्ज करावयाचा असतो. ती संस्था कुटुंबाचा गृह-अध्ययन अहवाल तयार करून 'कारा'कडे पाठविते. भारतातील संस्थेशी परस्पर सौदा करण्यास वाव नाही.

४) ना-हरकत, आदेश व प्रमाणपत्र : बालकाची निवड व स्वीकृती झाल्यावर 'कारा' ना-हरकत प्रमाणपत्र देते. २०२१ ची दुरुस्ती १ सप्टेंबर २०२२ पासून अमलात आली व दत्तक आदेशाचा अधिकार न्यायालयाकडून जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे गेला. या आदेशाविरुद्ध तीस दिवसांत विभागीय आयुक्तांकडे अपील करता येते. त्यानंतर हेग कराराच्या अनुच्छेद २३ नुसार अनुरूपता प्रमाणपत्र मिळते. त्यामुळे हे दत्तक करारातील इतर देशांतही मान्य होते. पारपत्र व व्हिसा यानंतरच.

५) पाठपुरावा : दोन वर्षे प्रगती अहवाल पाठवावे लागतात, पहिल्या वर्षी तिमाही, दुसऱ्या वर्षी सहामाही.

नातेवाइकांमधील दत्तक :
परदेशी स्थायिक झालेली मराठी कुटुंबे पुतण्या किंवा भाची दत्तक घेताना नोंदणीकृत दत्तकपत्र पुरेसे मानण्याची शक्यता असते. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमाने ते दत्तक भारतात वैध ठरू शकते. मात्र 'कारा'च्या प्रमाणपत्राविना मुलाचा परदेशातील प्रवेश अडू शकतो. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ६० मध्ये नातेवाइकांसाठी स्वतंत्र तरतूद आहे. विहित प्रक्रियेशिवाय मूल परदेशी नेणे हा दंडनीय अपराध आहे, हेही लक्षात घेतले पाहिजे.

याउलट, भारतीय नागरिकाने परदेशातील मूल दत्तक घेतल्यास त्या देशातील कायद्याची पूर्तता, 'कारा'ची मान्यता आणि मूल परदेशी पारपत्रधारक असल्याने भारताचा व्हिसा या बाबी आवश्यक असतात.

समारोप :
या प्रक्रियेस लागणाऱ्या विलंबाविषयी इच्छुक पालकांची तक्रार रास्त आहे, कारण संस्थेत वाढणाऱ्या बालकाचे प्रत्येक वर्ष मोलाचे असते. तथापि वेग वाढविताना संमतीची तपासणी व उगमाची नोंद यांना फाटा देता येणार नाही. मोठेपणी आपले मूळ शोधणाऱ्या दत्तक व्यक्तीच्या हाती अखेर ही कागदपत्रेच उरतात. म्हणूनच प्रत्येक टप्पा हा पालकांच्या मार्गातील अडथळा नसून बालकाच्या ओळखीचे संरक्षण आहे, असे म्हणता येईल.