चित्राची चाळणी

पेरणीचे दिवस जवळ आले की वाशीम जिल्ह्यात राखून ठेवलेल्या सोयाबीनच्या पोत्यांची तोंडं सुटतात. घरचं बियाणं उगवेल का, ते तपासायचं असतं. 100 दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या रांगेत मांडायचे, गुंडाळी करायची, पाणी शिंपडत राहायचं आणि काही दिवसांनी कोंब मोजायचे. 70 किंवा जास्त उगवले की बियाणं पेरणीजोगं.

आता हेच दाणे काळ्या कापडावर एका थरात पसरा, मोबाइलने फोटो काढा आणि संगणकाला विचारा, किती आहेत? मूठभर दाण्यांत पहिलीतलं पोर चुकणार नाही, पण संगणक चुकेल. त्याला दाणा दिसतच नाही, दिसतात फक्त पिक्सेल, म्हणजे चित्राच्या बारीक चौकटी. उजळ त्या पांढऱ्या, बाकी काळ्या. एकमेकींना लागून असलेल्या पांढऱ्या चौकटींचा पुंजका म्हणजे त्याच्या लेखी एक वस्तू. दोन दाणे एकमेकांना खेटले की झाला एकच दाणा. 40 दाणे खेटले, तरी एकच!

यावरचा उपाय चकित करणारा आहे: चित्र झिजवायचं. या क्रियेला इरोजन म्हणतात. पावसाने शेतातल्या मातीची धूप होते, तिलाही इंग्रजीत हाच शब्द आहे. नियम एका ओळीचा. प्रत्येक पांढऱ्या चौकटीने आपल्या आठही शेजाऱ्यांकडे बघायचं. आठही पांढरे असतील तरच पांढरं राहायचं, एकही काळा निघाला तर काळं व्हायचं. सगळ्या चौकटी हे एकदमच ठरवतात, जुन्या चित्राकडे बघून.

परिणाम बघा. दाणा 30 चौकटी रुंद आहे आणि दोन दाणे जिथे खेटलेत तिथली मान 4 चौकटींची. एकदा झिजवलं की चहूबाजूंनी एकेक चौकट जाते: दाणा 28, मान 2. पुन्हा झिजवलं: दाणा 26, मान नाहीशी. जोडी सुटली! 3 चौकटींचा मातीचा कणही दरम्यान पुसला गेला. आता मोजा, हिशोब बरोबर येतो. नियमाला सोयाबीन काय हे ठाऊक नाही, तरीही तो दाण्यापासून दाणा वेगळा करतो.

मात्र एक खबरदारी हवी. जेएस 335 वाणाच्या पिवळ्या दाण्यावर काळी नाभी असते. कॅमेऱ्यासमोर ती आली की पांढऱ्या पुंजक्यात भोक पडतं आणि झिजवताना ते मोठं होत जातं. म्हणून आधी भोकं बुजवायची, मगच झिजवायचं.

झिजलेले दाणे पुन्हा फुगवताही येतात. त्याला डायलेशन म्हणतात. शेजारी एक जरी पांढरा असेल तर काळ्या चौकटीने पांढरं व्हायचं. जितक्या वेळा झिजवलं तितक्याच वेळा फुगवलं की दाणे जवळपास मूळ आकारावर येतात. मातीचा कण मात्र परतत नाही. ज्याची एकही चौकट उरली नाही, त्याला पुन्हा वाढायला बीजच राहत नाही.

आधी झिजवणं आणि मग फुगवणं, या जोडीला ओपनिंग म्हणतात. ही जोडी म्हणजे हुबेहूब चाळणी. बारीक ते गळतं, मोठं ते वर राहतं. चाळलेलं धान्य त्याच चाळणीने पुन्हा चाळलं तर आणखी काही गळत नाही. ओपनिंगही त्याच मापाने दुसऱ्यांदा केलं तर चित्र तसूभर बदलत नाही. हे साम्य योगायोगाचं नाही. 1964 मध्ये फ्रान्समध्ये जॉर्ज माथरों आणि त्यांचे विद्यार्थी ज्याँ सेरा यांनी या गणिताचा पाया घातला, तो लॉरेन भागातल्या लोहखनिजाचा अभ्यास करताना. खडकात घट्ट बसलेले कण चाळणार कसे? त्यांनी खडकाच्या छेदाचं चित्रच चाळलं. माप वाढवत नेलं आणि प्रत्येक वेळी किती गळालं ते मोजलं, की कणांच्या आकाराचा सगळा हिशोब हाती येतो. 1968 मध्ये फोंतेनब्लो इथे या विद्येचं स्वतंत्र केंद्र उभं राहिलं. आज पेशींच्या चित्रांपासून उपग्रहाच्या छायाचित्रांपर्यंत ही चाळणी चालते.

हे पडताळायला संगणक लागत नाही. मुलांच्या चौकटीच्या वहीचं एक पान घ्या. पाच बाय पाचचे दोन चौरस रंगवा आणि मधोमध एका चौकटीच्या रुंदीचा पूल काढून ते जोडा. मग रंगवलेली चौकट म्हणजे पांढरी असं धरून आठ शेजाऱ्यांचा नियम एकदाच लावा. पूल जाईल आणि तीन बाय तीनचे दोन चौरस एकमेकांपासून सुटे उभे राहतील.