पोर्तुगीज येणाऱ्याला गोव्यात काम आहे

परकीय भाषेची पदवी घेऊन पुढे करायचं काय, या प्रश्नाचं पुणेरी उत्तर आता सगळ्यांना पाठ आहे. चाकणच्या कारखान्यांना जर्मन-जपानी दुभाषे लागतात, आयटी कंपन्यांना जपानी येणारे इंजिनियर लागतात; म्हणून रानडे इन्स्टिट्यूट, मॅक्सम्युलर भवन इथले वर्ग भरतात. जपानीच्या परीक्षेच्या एन-५ ते एन-१ अशा पाच पायऱ्या, युरोपीय भाषांच्या ए-१ ते सी-२ अशा सहा. आणखी खोलात जायचं तर दिल्लीचं जेएनयू, हैदराबादचं इफ्लू. शिवाय अध्यापन, पर्यटन, दूतावास. ही माहिती कुठल्याही मार्गदर्शन मेळाव्यात मिळते, म्हणून मी माझ्या लाडक्या भाषेकडे वळते. ती म्हणजे पोर्तुगीज.

ब्राझील, अंगोला, मोझांबिक या देशांशी व्यवहार करणाऱ्या कंपन्यांत या भाषेला मागणी आहेच. मला मात्र ओढ लागली ती गोव्याच्या पुराभिलेखागाराची. १५९५ साली त्याची स्थापना झाली आणि इतिहासकार दियोगु दु कोतु त्याचा पहिला प्रमुख झाला. लिस्बन आणि गोवा यांच्यातला पत्रव्यवहार वाऱ्यांवर चालायचा. मोसमी वाऱ्यांबरोबर जहाजं राजाची पत्रं घेऊन यायची आणि उत्तरं घेऊन हिवाळ्यात परत निघायची. त्या पत्रांचे बांधलेले खंड ‘मोंसोंइश दु रैनु’ या नावाने ओळखले जातात. शेजारच्या राजांना लिहिलेल्या पत्रांच्या वह्या वेगळ्या. शिवाजी महाराज, संभाजी महाराज, पेशवे सगळे तिथे भेटतात, आणि तेही प्रतिपक्षाच्या नजरेतून. आपल्याकडच्या बखरी पुष्कळदा घटनेनंतर बऱ्याच वर्षांनी लिहिल्या गेल्या. गोव्यातल्या पोर्तुगीज व्हाइसरॉयचं पत्र त्याच हंगामातलं असतं. मराठ्यांच्या इतिहासावर प्रेम करणाऱ्या माणसाने पोर्तुगीज शिकावं, असं मला मनापासून वाटतं ते एवढ्यासाठी.

हे दप्तर आपल्यापर्यंत पोचवलं पांडुरंग पिसुर्लेकरांनी. या पुराभिलेखागाराचं प्रमुखपद त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळलं, गोव्यातल्या पोर्तुगीज राज्यमंडळाच्या बैठकींची इतिवृत्तं पाच खंडांत संपादित केली आणि १९६७ मध्ये पुणे विद्यापीठाने त्यांचा ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा मराठी ग्रंथ काढला. पोर्तुगीजांच्या पदरी असलेल्या हिंदी वकील-दुभाष्यांवर त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिलं, आणि त्यांच्या कामातला हा भाग मला सर्वांत प्रिय आहे. सरकारी दुभाष्याचं पद गोव्यात शेणवी घराण्यांकडे असायचं. व्हाइसरॉयच्या दरबारात उभं राहून मराठी पत्राचा अर्थ सांगायचा, तहाच्या बोलण्यात मध्यस्थी करायची, प्रसंगी वकील म्हणून स्वतः परमुलखात जायचं. भाषेवर पोट भरणाऱ्यांची परंपरा आपल्याकडे इतकी जुनी आहे.

आणि ते काम संपलेलं नाही. मडगावला एका वयोवृद्ध वकिलांकडे गेले होते. टेबलावर जमिनीची जुनी कागदपत्रं, सगळी पोर्तुगीज, सगळी हाताने लिहिलेली. ते म्हणाले, “बाई, हे वाचणारे आम्ही आता किती उरलो? आमच्या मागून कोण वाचणार?” १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात १८७०पासून लागू झाली आणि १९६१च्या मुक्तीनंतरही भारतीय संसदेच्या कायद्याने ती टिकली. पुढे वारसाहक्काचे नियम गोव्याने स्वतःच्या कायद्यात आणले, पण आजोबांचं खरेदीखत किंवा पणजोबांच्या इस्टेटीची वाटणी जुन्या भाषेतच राहिली. त्या संहितेप्रमाणे लग्नानंतर सामान्यतः पतिपत्नींची मालमत्ता सामाईक होते आणि निम्मा हिस्सा बायकोचा असतो. भाषांतरकाराने तिला नुसतं ‘वारस’ लिहून टाकलं, तर सगळा दावाच वाकडा होतो. म्हणून भाषेच्या पदवीला कायद्याची जोड हवी.

दुसरं काम नागरिकत्वाचं. १९६१च्या मुक्तीआधी गोव्यात जन्मलेले आणि त्यांची मुलं-नातवंडं पोर्तुगालमध्ये जन्मनोंद करवून तिथलं नागरिकत्व मागू शकतात. ते घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं. जाणाऱ्यांनी याचा शांतपणे विचार करावा असं माझं मत आहे. पण कागद मात्र तपासून घ्यावे लागतात. जुन्या नोंदींत ‘श’साठी एक्स हे अक्षर वापरलेलं असतं, त्यामुळे आधार कार्डावरचे शंकर आणि जन्मनोंदीतले शंकर रोमन लिपीत निरनिराळे दिसतात. दोघे एकच, हे दाखवून देणारा जाणकार लागतो.

शिकायची सोय आहे. गोवा विद्यापीठात पोर्तुगीज शिकता येते, पणजीत पोर्तुगालच्या कामोंइश संस्थेचं भाषा केंद्र आहे, फोंतेन्यात फुंदासांव ओरियेंत आहे. अडचण पुढची आहे. वर्गात छापील पुस्तकं वाचायची सवय होते, आणि अभिलेखागारात समोर येतो सतराव्या शतकातला कारकून, अर्धे शब्द आखडून लिहिणारा. शाईने कागद खाल्लेला, मागच्या पानावरची अक्षरं पुढे उमटलेली. पहिल्यांदा असा खंड उघडला तेव्हा तारखेपलीकडे मला काही लागलं नव्हतं. मग एकाच लेखनिकाची पानं लागोपाठ वाचत राहिले, आणि त्याच्या लकबी ओळखीच्या झाल्यावर ओळी सुटू लागल्या. हे प्रशिक्षण अभ्यासक्रमातच असायला हवं, आणि ते जुन्या खंडांच्या सान्निध्यातच द्यायला हवं.

मराठी मुलांना इथे एक जादा संधी आहे. याच संग्रहात मोडीतले कागदही आहेत. पुण्या-मुंबईत मोडीचे वर्ग चालतात, पण मोडी आणि पोर्तुगीज दोन्ही वाचणारे फारच थोडे. पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून दोन्ही हाती घेतली, तर पदवी मिळेपर्यंत दोन्हीकडचा कागद शेजारी शेजारी ठेवून वाचता येतो.